आठवणींचा पंचनामा

दिवाळीच्या तोंडावर खानदेशातल्या शहरांत एक वाद नेमाने उगवतो. धुळ्यात तो आग्रा रोडवर नि पाचकंदीलला रंगतो, जळगावात फुले मार्केटच्या आसपास, आणि अमळनेर, चोपडा, नंदुरबार अशा जिथे म्हणून जुनी पेठ शिल्लक आहे तिथे. पालिकेच्या अतिक्रमण हटवणाऱ्या पथकाची गाडी येते, लोटगाड्या उचलते, कुणाचा तराजू तर कुणाची टोपली घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आपापल्या जागी बसलेले असतात. मधल्या वेळेत गावातली शिकलीसवरली माणसं मोबाइलवर भांडून घेतात. एक गट म्हणतो, 'रस्ता चालायला असतो, बाजार मांडायला नाही, एकदाचं हे साफ करा.' दुसरा गट कुठून तरी जुना काळा-पांढरा फोटो शोधून काढतो नि खाली लिहितो, 'काय दिवस होते ते!' मग पहिला दुसऱ्याला भाबडा म्हणतो, दुसरा पहिल्याला कोरडा म्हणतो, आणि जिची टोपली गेली ती बाई दंड भरायला पालिकेत रांगेत उभी असते. इतक्या वर्षांत या वादाने एकही नवा मुद्दा कमावलेला नाही.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. लहानपणीच्या बाजाराच्या आठवणींना या चर्चेत जागा आहे, आणि ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आहे. आठवण काढणाऱ्यांची चूक एवढीच की ते अर्धी साक्ष देतात. वास सांगतात, जागा सांगत नाहीत; चव सांगतात, विकणारं कोण होतं ते सांगत नाहीत. त्यांना हसणाऱ्यांची चूक त्याहून मोठी आहे. बाजार ठेवायचा की हलवायचा हे ज्या कायद्याने ठरायचं, तो कायदाच म्हाताऱ्याकोताऱ्यांची आठवण मागतो, हे त्यांच्या गावीही नाही.

संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. दर ५ वर्षांतून निदान एकदा शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करावं, ते पुरं होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवू नये, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश बाया असाव्यात, हे त्यात आहे. एवढं बऱ्याच जणांनी वर्तमानपत्रात वाचलेलं असतं. कायद्याच्या अनुसूच्यांपर्यंत मात्र फार थोडे पोहोचतात. विकणारे आणि घेणारे परंपरेने जिथे जमत आले, त्या जागेला हा कायदा नैसर्गिक बाजार मानतो. सर्वेक्षणात असा बाजार आढळला तर ती जागा विक्रीबंद क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. आणि जिथे विक्रेते ५० वर्षांहून जास्त काळ धंदा करत आले, तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं दुसरी अनुसूची सांगते. आता ५० वर्षांचा पुरावा लोटगाडीवाल्याने आणायचा कुठून? गाडीला सातबारा नसतो, टोपलीचं खरेदीखत होत नाही. बाजारफीच्या पावत्या त्याच दिवशी संध्याकाळी चुरगाळून फेकल्या गेल्या. मग आणीबाणीच्या सुमारास या रस्त्यावर कोण बसत होतं, हे शपथेवर सांगणार कोण? तेच, जे तेव्हा आईच्या पिशवीला धरून त्या गर्दीतून चालत होते, आणि ज्यांना आज भाबडं म्हटलं जातं.

माझीच साक्ष घासून बघतो. धुळ्याच्या पाचकंदीलचं नाव काढलं की मला आधी तेच आठवतं जे सगळ्यांना आठवतं: शेंगदाण्याच्या तेलाचा वास, कापडाच्या दुकानातली पांढरी गादी आणि तिच्यावर बसण्याआधी पायताण काढायची शिस्त, पोळ्याच्या आधी टांगलेल्या घुंगरमाळा, गोंडे, झुली आणि शिंगांसाठी हिंगुळाच्या पुड्या. हे सगळं देखणं आहे आणि पालिकेसमोर बिनकामाचं आहे. पण समोर एखादा वकील उभा आहे असं समजा. तो विचारणार, कासरे-दावी दुकानाच्या आत होती की बाहेर? बाहेर, पायरीच्या पुढे, गोणपाटावर. गोणपाट दुकानदाराचं? नाही, दोर वळून आणणाऱ्या खेड्यातल्या माणसांचं. ते रोज बसायचे? छे, पोळ्याच्या आधी काही दिवस. मग एरवी ती जागा रिकामी? तीही नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे कुंभारांच्या घागरी लागायच्या, कारण आखाजीला खानदेशात पितरांच्या नावाने घागर भरल्याशिवाय चूल पेटत नाही. उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्याची मिरची यायची. दिवाळीला पणत्या, बोळकी, गेरू, रांगोळी. आणि मधूनच बुरडांची सुपं नि टोपल्या. म्हणजे दुकानापुढच्या त्या एकाच तुकड्यावर वर्षभरात वेगवेगळे कारागीर आळीपाळीने बसत, आणि दुकानदार त्यांना बसू देई, कारण घागर घ्यायला आलेली बाई मीठ-मिरचीही त्याच्याकडूनच नेत असे. माझी माय घागरीला टिचकी मारून आवाज ऐकायची, 'काय भाव शे?' म्हणून विचारायची आणि भाव ऐकताच दोन पावलं पुढे निघायची. मागून हाक येणार हे तिलाही ठाऊक असायचं, कुंभारणीलाही.

या उलटतपासणीतून जे निघालं ते कुठल्याही फोटोत नाही. त्या पेठेत बसण्याचा हक्क जागेइतकाच पंचांगावर चालत होता. कुणाची जागा पोळ्याची, कुणाची आखाजीची, कुणाची रोजची. आजचं सर्वेक्षण ही गोष्ट धरूच शकत नाही. फॉर्म घेऊन माणूस ज्या मंगळवारी फिरतो, त्या मंगळवारी कुंभार आपल्या गावी चाकावर असतो आणि दोरवाला शेतावर मजुरीला. त्यांची नोंद होत नाही, म्हणून त्यांना प्रमाणपत्र नाही, म्हणून पुढच्या पोळ्याला ते अतिक्रमण ठरतात. हा दोष कुणाच्या लक्षात येणार? ज्याला पेठेचं अख्खं वर्ष आठवतं त्याच्याच. आठवणीला मी पुरावा म्हणतो तो अशासाठी.

आता समोरच्यांचा सर्वांत जड मुद्दा. तो असा की जुना बाजार तुम्हांला जितका गोड आठवतो, तितका तो सगळ्यांना गोड नव्हता. हे खरं आहे, आणि पुरतं खरं आहे. 'तेव्हा विश्वास होता, वहीवर उधारी चालायची' असं म्हणणाऱ्याने त्या वहीत कुणाची नावं होती तेही सांगावं. ज्याच्या नावावर काळी जमीन, ज्याचं घर गावठाणात, त्याची उधारी विश्वासाची. सातपुड्यातून मिठा-कापडासाठी उतरलेल्या भिल्ल-पावरा माणसाची उधारी म्हणजे पुढच्या पिकावरचा ताबा. शहादा-तळोद्याच्या सपाटीवरच्या कितीतरी आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या वाटेनेच गेल्या, आणि १९७० च्या दशकात आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांना आणि श्रमिक संघटनेला त्या परत मागायला उभं राहावं लागलं. कापसाच्या पेठेत दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल तो शेतकरी रुमालाबाहेर उभा. आणि चहा? माझ्या वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांना हॉटेलात चहा मिळायचा, पण त्यांचा कप भिंतीतल्या कोनाड्यात वेगळा असायचा, पिऊन झाल्यावर त्यांनीच तो विसळून ठेवायचा. जुन्या पेठेच्या फोटोखाली तो मित्र कधी काही लिहीत नाही. त्याला कोणत्या तोंडाने सांगणार की, काय दिवस होते ते?

एवढं मान्य केल्यावर या मुद्द्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो तपासू. बाजार अन्यायी होता, सबब बाजार उठवा! असं आपण पूर्वी कधी केलं होतं का? वजनात मारणं, लपवाछपवीचे सौदे, धर्मादायच्या नावाखाली कापलेले पैसे, हे सगळं माहीत असूनच मुंबई इलाख्याने १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा केला. त्या कायद्याखाली सुरुवातीला जे नियंत्रित बाजार उभे राहिले त्यांत खानदेशातल्या पेठा होत्या. व्यापारी लबाड आहेत म्हणून पेठच बंद करा नि शेतकऱ्याला बैलगाडी घेऊन माघारी पाठवा, अशी सुधारणा तेव्हा कुणाला सुचली नाही. तराजू नीट केला, सौदा उघड्यावर आणला. पुढे १९५६ च्या कायद्याने शेर-मण जाऊन किलो आला, १९५७ साली नवे पैसे आले. बाजारातल्या बायका बरीच वर्षं मनात आण्याचा हिशेब करून तोंडाने पैसे सांगत, पण शिकल्या. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं त्यांनी दशमान पद्धत पचवली. बाजार सुधारत नाही असं म्हणणाऱ्याने हा इतिहास बघावा.

शिवाय अन्यायाचं नाव घेऊन गाडीत टाकलं जातं कुणाला? वहीवाला सावकार पक्क्या इमारतीत असतो, त्याच्या गल्ल्याला कुणी हात लावत नाही. गाडीत जाते ती केरसुण्या विकणाऱ्या बाईची टोपली. जुन्या बाजारात जी तळाला होती, तिलाच जुना बाजार वाईट होता म्हणून पुन्हा एकदा उठवायचं, याला सामाजिक न्याय म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. चांगल्या कळकळीने बोलतात, हे विशेष.

दुसरा मुद्दा गर्दीचा. अॅम्ब्युलन्स अडकते, आग लागली तर बंब आत शिरणार नाही, वर वायरींचं जाळं, दोन्ही बाजूंना कापडाचे गठ्ठे. इथे मी वाद घालत नाही. ज्याच्या घरचं माणूस त्या गर्दीत खोळंबलं त्याला वारशाचं कौतुक सांगणं हा निर्लज्जपणा होईल. बंब जाईल एवढी पट्टी बारा महिने चोवीस तास मोकळी राहिली पाहिजे, तिच्यावर कुंभार नको, पोळा नको, माझ्या आठवणीही नकोत. पेटती भट्टी नि गॅसची टाकी अरुंद गल्लीत नको. पण मग एका संध्याकाळी सहाच्या सुमाराला आग्रा रोडवर उभं राहून रस्ता नेमका कोण अडवतो ते बघा. दुतर्फा मोटरसायकली. त्यांच्या मागे दुकानातून बाहेर आलेले साड्या नेसवलेले पुतळे नि जाहिरातीचे फलक. मग लोटगाड्या. आणि या सगळ्याच्या मधोमध, हॉर्न वाजवत, चारचाकीत बसून चप्पल घ्यायला आलेलं एक कुटुंब. रिकामी मोटरसायकल तासभर उभी राहिली तर ती पार्किंग, आणि जिच्यावर एका घराचं पोट आहे ती गाडी उभी राहिली तर ते अतिक्रमण, हा फरक कोणत्या भूमितीत बसतो? रस्त्याची जागा मोजायची तर सगळ्यांची मोजा. माझी खात्री आहे, मोजणी प्रामाणिक झाली तर पहिला दंड पुतळ्यांना होईल.

आणि वेळा वाटून घेणं ही काही परदेशातून आणायची कल्पना नाही. माल सकाळी उतरायचा, गिऱ्हाईक दुपारनंतर चढायचं, हे पेठेला पाठ होतं. संध्याकाळी काही तास चारचाकी आत सोडायची नाही, माल पहाटे उतरवायचा, विक्रेत्यांना पांढऱ्या रेषेच्या आत ठरलेल्या वेळी बसू द्यायचं, एवढ्याने निम्मं भांडण मिटतं. कायद्यातच निर्बंध घातलेली विक्री क्षेत्रं ठरवायची सोय आहे. ती वापरायला मात्र रोज थोडं काम करावं लागतं, आणि वर्षातून दोनदा गाडी फिरवून फोटो छापून आणणं त्याहून सोपं आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत समंजस वाटतो: आम्ही हटवत नाही, चांगली नवी जागा देतो आहोत. त्यातलं खरं आधी घेऊ. जुन्या पेठेत दिवसभर भाजी विकणाऱ्या बाईला लघवीला जायची सोय नव्हती. ती सकाळपासून पाणी कमी प्यायची. एकाही स्मरणरंजनात ही ओळ मी वाचलेली नाही. डोक्यावर छप्पर, पाणी, संडास, दिवा, हे मिळालंच पाहिजे. पण जागा बदलणं काय असतं ते पुण्याच्या मंडईवरून बघा. १८८६ साली रे मार्केट, म्हणजे आजची मंडई, उघडलं त्याआधी भाजीचा बाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत भरायचा. ही इमारत बांधायच्या खर्चाला नगरपालिकेत ज्यांनी विरोध केला ते सदस्य म्हणजे जोतीराव फुले. त्यांना काही मोकळ्या मैदानाचे कढ येत नव्हते. गरिबांच्या शिक्षणाला पैसा नाही आणि इमारतीला आहे, हे त्यांना पटत नव्हतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं, आणि आमच्या जळगावातल्या मार्केटलाही त्यांचंच नाव आहे. नाव घेतलं, प्रश्न सोडून दिला, असं झालं. पैसा कुणाचा आणि सोय कुणाची, हा तो प्रश्न.

पुण्याची मंडई चालली, हे कबूल. ती चालली कारण ती जुन्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, शहराच्या पोटात होती आणि जमिनीवर होती. आमच्याकडे संकुलं उभी राहिली ती मजल्यांवर मजले चढवून. भाजी जिना चढत नाही. गुडघे धरून चालणारी म्हातारी मेथीच्या जुडीसाठी वर जाईल, असा नकाशा काढणाऱ्याने कधी स्वतः मेथी आणलेली नसावी. आणि गाळा घेतला तरी कटकट संपते असं नाही. जळगावात पालिकेच्या संकुलांतल्या अनेक गाळ्यांचे करार २०१२ साली संपले, त्यावरून भाड्याचं नि नूतनीकरणाचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. ज्याच्याकडे गाळा होता, कागद होता, वकील होता, त्याची ही गत. टोपलीवालीला 'पुनर्वसन होईल' असं सांगणाऱ्यावर तिने कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा?

आता आमच्या बाजूच्या लोकांना दोन शब्द ऐकवतो, कारण त्यांची एक समजूत मला जास्त धोक्याची वाटते. त्यांना वाटतं ही पेठ आपोआप, अनादी काळापासून आहे, आणि पूर्वी इथे सगळे आपलेच होते. बाहेरचे आता घुसले. धुळ्यापुरतं तरी हे साफ खोटं आहे. १८१८ साली पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन ब्रिग्जने कारभारासाठी धुळं निवडलं. पांझरेच्या काठचं, बागायतीने वेढलेलं ते लहानसं गाव होतं. १८१९ मध्ये त्याने सरकारी कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली, लांबून कारागीर आणवले. व्यापाऱ्यांनी येऊन राहावं म्हणून घरांसाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली, बांधकामाला उचल दिली, आणि ती जुन्या रहिवाशांना दिली तशी परक्यांनाही दिली. आजच्या सरळ रेषेतल्या, नंबराने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या त्या आखणीच्याच वारस आहेत. म्हणजे ज्याला आपण उत्स्फूर्त म्हणतो ती पेठ सरकारने ठरवून, जमीन फुकट देऊन, बाहेरच्या माणसांना बोलावून वसवलेली आहे. मराठी राज्यातही नवी पेठ वसवायची तर कौल देऊन, काही वर्षं कर माफ करून व्यापारी बोलावत. बाजार हवा असेल तर राज्यकर्त्याने काहीतरी सोडावं लागतं, ही समज तेव्हा होती. आज त्याच रस्त्यावर चार फुटांच्या गोणपाटाला जागा मागितली तर फुकटे म्हणतात.

तेव्हा काल-परवा परप्रांतातून आलेल्या केळीवाल्याकडे बोट दाखवून 'आमच्या लहानपणी हे नव्हते' म्हणणाऱ्याने आपल्या आडनावाचा प्रवास एकदा आजोबांना विचारावा. मारवाडातून, गुजरातेतून, बुऱ्हाणपूरच्या बाजूने, दक्षिणेकडून, कोण कुठून आलं याची यादी केली तर पेठेत मूळचं असं पांझरेचं पाणीच निघेल. ५० वर्षांची अट बाजाराला आहे. तिथे बसलेल्या प्रत्येक माणसाच्या जन्मदाखल्याला नाही, असा माझा तिचा अर्थ. माणसं बदलत राहिली, विकणं चालू राहिलं, तर तो बाजार जुनाच. नाहीतर आठवणीचं हत्यार करून नव्याला हाकलणारे आणि विकासाचं हत्यार करून जुन्याला हाकलणारे, दोघांची गाडी एकच.

तरुण पोरं आता मोबाइलवरून मागवतात, पेठ अशीही मरणार, असंही कुणी म्हणतं. यावर फार वेळ घालवायला नको. कपडे, चपला, मोबाइलची कव्हरं गेली असतील. पण पोळ्याचा गोंडा हाताने निवडायचा असतो, भरताचं वांगं देठापासून दाबून बघायचं असतं, आणि शंभर रुपयांत आठवड्याची भाजी बसवायची असते तेव्हा घरपोच सेवा कामाची नाही. मरणाऱ्याला कशाला वाचवता, असं म्हणणारे तो मरायच्या आधीच त्याची जागा मागतात, हे जरा बघण्यासारखं आहे.

यापेक्षा मोठी गोष्ट चर्चेतून सुटते. पेठेचं निम्मं गिऱ्हाईक शहरातलं नसतंच. साक्री, शिंदखेडा, शिरपूरकडून एसटीने आलेली, लग्नाचा बस्ता बांधायला, बी-बियाण्याला, दवाखान्याला आली की जाता जाता बाजार करणारी ही माणसं. यांचं मत पालिकेच्या निवडणुकीत नाही. त्यांना वाहनतळ नको असतो, स्टँडपासून पायी जाता येईल असा बाजार हवा असतो. बाजार बायपासला नेला की मोटारवाल्याची सोय झाली आणि खेड्यातल्या माणसाचे रिक्षाचे पैसे वाढले. हे कोणता नगरसेवक मांडणार? सातपुड्यात होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, तिथे आदिवासी होळीची खरेदी करतात, ढोल वाजतात, दूरच्या पाड्यांवरची माणसं वर्षाने भेटतात. तो बाजार कुणाच्या हद्दीतल्या मतदारांसाठी भरत नाही, येणाऱ्यासाठी भरतो. शहराची पेठही तशीच आहे, फक्त ती रोज भरते, म्हणून आपल्याला ती आपली वाटते.

मग करायचं काय? इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. कागद जपायची सवय या गावाला कुणी शिकवायला नको. त्या सवयीला आता बाजाराची कामगिरी द्या. सर्वेक्षण एकाच दिवशी न करता पोळ्याच्या आधी, दिवाळीत, आखाजीला आणि एखाद्या साध्या मंगळवारी, असं चारदा करायला भाग पाडा. साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसांना पेठेतून चालवत न्या आणि कोणत्या पायरीपुढे, कोणत्या महिन्यात, कोण काय विकत होतं ते जागेवर उभं करून लिहून घ्या, सही घ्या, घरातल्या जुन्या फोटोची प्रत जोडा. तोच काळा-पांढरा फोटो, ज्याच्याखाली आपण उसासे टाकतो, त्यात मागे कोपऱ्यात एखादी लोटगाडी दिसत असेल तर ती लावणाऱ्याच्या नातवाला तो शंभर भाषणांपेक्षा उपयोगी पडेल. हे सगळं नगर पथविक्रेता समितीपुढे ठेवा, विकास आराखड्यावर हरकती मागवतात तेव्हा अर्जाला जोडा.

आणि साक्षी घेताना माझ्या त्या वर्गमित्राच्या घरीही जा. त्याच्या वडिलांचा कप कोणत्या हॉटेलच्या कोनाड्यात होता, ते त्याच नोंदवहीत, त्याच रकान्यात लिहा. सोयीचं तेवढं ठेवून साक्ष नेली तर पालिकेचा वकील ती पहिल्याच प्रश्नात फोडील, आणि तेव्हा त्याला दोष देता येणार नाही.